करंगळीभर लांब गज

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. किती वर्षांमागची ते विचारू नका, कारण त्या काळी वर्षं मोजायची पद्धत नव्हती आणि असलीच तर गावोगावी वेगळी होती. तेव्हाची माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती असं म्हातारी मंडळी सांगतात. मला काही तसं वाटत नाही, पण गोष्ट ऐका आणि तुम्हीच ठरवा.

एका राज्यात एक न्यायी राजा होता. त्याच्या राज्यात दुकानं जितकी, तितके गज होते. कापडवाल्याचा गज आखूड, सुताराचा लांब, आणि जमीन मोजणाऱ्याचा तर शेत कुणाचं आहे ते बघून लांब-आखूड होणारा. अखेर राजाने हुकूम काढला की राज्य एक तर गजही एक. राजाच्या गजापेक्षा लांब किंवा आखूड गज ज्याच्या घरात सापडेल, त्याचा गज जाळायचा आणि त्याचा धंदा वर्षभर बंद ठेवायचा. हुकूम चांगलाच होता. लोकांनी घरोघरी साखर वाटली.

साखर वाटणाऱ्यांत एक ओतारीणही होती. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा, आणि त्याच्या घरची ती ओतारीण. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. मागे राहिला म्हातारा सासरा आणि अंगणातली भट्टी. बाईमाणसाला आच सोसायची नाही, असं गाव म्हणालं. तिने भाता ओढायला घेतला. वर्षभरात तिच्या अंगणातून पूर्वीसारख्याच समया, घागरी, विहिरीच्या रहाटाची चाकं आणि गाडीच्या चाकात बसवायची कडी बाहेर पडू लागली. बोलायची मात्र तिला सवय नव्हती. चार शब्दांचं काम ती दोन शब्दांत उरकायची, आणि त्यातूनच पुढचा घोळ झाला.

त्या गावाला एक मोठं तळं होतं. तळ्याच्या बांधात एक दगडी मोरी होती आणि मोरीच्या तोंडाशी कांस्याचं जाड कडं होतं. त्या कड्यात लाकडाचा दट्ट्या घट्ट बसायचा. दट्ट्या ओढला की पाणी पाटात यायचं आणि पाटातून सात गावांच्या शेतांत जायचं. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला कडं तडकलं. दट्ट्या ढिला झाला आणि पाणी वाहून जाऊ लागलं. लोकांनी माती भरलेली पोती कोंबली तरी गळती थांबेना. शिमग्याच्या आत नवं कडं बसलं नाही, तर उन्हाळ्यात त्या तळ्यात गुरांपुरतंही पाणी राहणार नव्हतं.

काम अर्थातच ओतारणीकडे आलं. पाथरवटाने मोरीच्या दगडात नवी खाच कोरली होती, राजाच्या गजाने नेमकी एक गज रुंद. कडं तिच्यात चपखल बसायला हवं होतं. ते आखूड झालं तर भोवतीने पाणी गळणार, आणि मोठं झालं तर बसणारच नाही.

ओतारणीने आढ्याला खोचलेला शिसवी गज काढला. धुराने तो कोळशासारखा काळा झाला होता. त्या गजाने मोजून ती मेणाचं कडं वळायला बसली, तोच दारात मापांचा कारभारी उभा राहिला. बरोबर दोन शिपाई होते.

हा कारभारी उंच, शिडशिडीत आणि कडक होता. तो कुणाची सुपारीसुद्धा घेत नसे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आता तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

त्याने राजाचा गज ओतारणीच्या गजाला लावला. तिचा गज करंगळीच्या जाडीएवढा लांब भरला.

"बाई, हा गज लांब आहे."

"लांबच पाहिजे, जी," ओतारीण म्हणाली.

झालं. अहो, चोरसुद्धा चोरी इतक्या सरळ कबूल करत नाही. शिपाई एकमेकांकडे बघू लागले.

"म्हणजे तुला हे ठाऊक आहे?"

"व्हय. राजाचा गज बी हाय. त्यो काय, खुंटीला."

"एका घरात दोन गज," कारभारी सावकाश म्हणाला. "ज्या घरात दोन गज, त्या घरात दोन जिभा. लांब गज कशासाठी ठेवलास?"

ओतारणीने ओट्यावरच्या सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली. सांगू नकोस, असं त्या मानेचं म्हणणं होतं.

लांब गजाचं कारण असं. तापवलेला धातू फुगलेला असतो आणि निवताना आटतो. नेमक्या एका गजाच्या साच्यात कासं, म्हणजे कांस्य, ओतलं, तर निवलेली वस्तू करंगळीएवढी आखूड निघते. म्हणून साचाच तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? ओताऱ्यांच्या कुणा शहाण्या पूर्वजाने ती आट धरूनच एक लांब गज करून ठेवला. मेण त्या गजाने मोजायचं, म्हणजे कासं राजाच्या गजाला बरोबर उतरतं.

पण ओताऱ्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. घरात मुलगा हाताशी आला की त्याला सांगायची आणि सून आली की सुनेला सांगायची. लेकीला मात्र नाही, कारण लेक परक्या घरी जाते आणि तिच्याबरोबर गुपितही जातं. ओतारीण लग्न होऊन आली तेव्हा सोळाव्या दिवशी सासऱ्याने तिला गज दाखवला होता आणि पेटत्या भट्टीसमोर शपथ घातली होती.

म्हणून ती एवढंच म्हणाली, "कासं आटतं, जी."

सासरा जोरात खोकला.

"दूध आटतं, विहीर आटते," कारभारी म्हणाला. "धातू आटलेला मी ऐकला नाही. आटतो तर दाखव."

इथे ओतारीण अडकली. दाखवणार काय? मेणाच्या वस्तूवर माती लिंपायची, माती सुकली की भाजायची, मेण वितळून वाहून जातं आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत कासं ओतायचं आणि निवल्यावर साचा फोडायचा. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही. म्हणजे मेण गेलं, साचाही गेला. आधी माप काय होतं हे सांगायला कुणी उरत नाही.

ती गप्प राहिली. कारभाऱ्याने गप्प राहण्याचा जो अर्थ सगळे काढतात तोच काढला. त्याने लांब गज फडक्यात गुंडाळून त्यावर मोहोर केली आणि निकाल दिला की कडं राजाच्या गजाने, शिपायाच्या डोळ्यांसमोर करायचं. कडं मोरीत बसलं की लांब गज चावडीसमोर जाळायचा आणि भट्टी वर्षभर बंद ठेवायची.

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका आपापल्या समया आठवून बघू लागल्या. कुणाचीही समई कधी कमी निघाली नव्हती, तरी प्रत्येकीला वाटलं की आपली थोडी बुटकीच आहे. दूध घालणारीने माप कमी भरलं की लोक म्हणू लागले, "ओतारणीचा गज दिसतोय." ओतारीण घागर भरून घरी आली. तिला फार लागलं होतं, पण घागरीतलं पाणी तिने हिंदकळू दिलं नाही.

दुपारी पाथरवट आला. तो भला माणूस होता.

"वैनी, येवढं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मेन राजाच्या गजानं मोजा, आन शेवटाला गुपचूप करंगळी वाढवा. त्या शिपायाला काय कळतंय? कडं बराबर बसंल, पानी थांबंल, कारभारी खूश व्हईल. गजाचं म्हनाल तर दुसरा तासून देतो मी."

"मी बी त्येच म्हनतो," सासरा ओट्यावरून म्हणाला. "आमच्या आज्या-पणज्यांनी ह्येच केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं सांगू? सल्ला वाईट नव्हता. तुम्ही-आम्ही असतो तर तोच मानला असता. ओतारीणही पुष्कळ वेळ भट्टीजवळ बसून राहिली. गुपचूप करंगळी वाढवली की कडं बसेल. मग कारभारी राज्यभर सांगेल, बघा, राजाच्या गजाने केलेलं कडं कसं चपखल बसलं. मग प्रत्येक ओताऱ्याच्या आढ्यावरचा गज शोधून जाळला जाईल. गज नसलेला गरीब ओतारी हुकूम पाळेल आणि त्याचं प्रत्येक काम आखूड निघेल. आणि आपण केलेलं खरं काम आपल्याच विरुद्ध साक्ष देईल.

ती उठली.

"मामंजी," ती म्हणाली, "मूठ झाकलेली असली की आत काय हाय त्ये लोकच ठरवत्यात. कुनी सव्वा लाख म्हनंल, कुनी चोरीचा माल म्हनंल. आज समदे चोरीचा माल म्हनत्यात. मी मूठ उघडनार."

"शपथ घेतलीस तू," म्हातारा म्हणाला.

"घेतली. पाप लागलं तर माझं मला लागंल. पन खरं काम मी चोरावानी करनार न्हाई."

"मंग माझ्याशी बोलू नगंस." म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती तशीच चावडीवर गेली. कारभारी कागद बघत होता.

"मला आठ दिवस द्या, जी. कासं आटतं त्ये बांधावर समद्यांपुढं दावते. न्हाई दावता आलं तर गज मी माझ्या हातानं जाळीन, आन भट्टी वरीसभर न्हाई, कायमची मोडीन."

कारभाऱ्याने मान वर केली. तिने एवढं लांब बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं.

"आठ दिवसांत तळ्याचं पाणी किती जाईल ठाऊक आहे?"

"जाईल. पन आखूड कडं बसवलं तर समदंच जाईल."

त्याने थोडा विचार केला आणि आठ दिवस दिले. साच्याचं कसं करणार, हेही त्याने विचारलं.

"साचा दगडाचा करते, जी. दगुड फोडावा लागत न्हाई. त्योच साक्षीदार."

तिने पाथरवटाला सांगून एका लांबट दगडात सरळ खाच कोरून घेतली. खाचेची लांबी नेमकी एक राजाचा गज. तळ्याच्या काठचाच दगड होता, हाताशी होता म्हणून घेतला. पाथरवटाला तीन दिवस लागले. कारभाऱ्याने स्वतः गज खाचेत बसवून पाहिला, तेव्हा टोकाला केससुद्धा शिरेना. मग ओतारणीने दगड एक दिवस धगीजवळ ठेवला. मातीचा साचा सुकला की नाही, हे ओतारी गालाला लावून ओळखतात. गार लागला तर ओला, नाहीतर कोरडा. तिने दगडाला गाल लावला. तो चांगला कोमट लागला.

पाचव्या दिवशी सकाळी सारा गाव बांधावर जमला. तिथेच एक लहान भट्टी पेटवली होती. तिने मूस, म्हणजे ज्यात धातू वितळवतात ते मातीचं जाड भांडं, सांडशीत धरली आणि लाल कासं खाचेत सोडलं. ते खाचेत पडताच खदखदलं. मोठा आवाज झाला, दगडाचे दोन तुकडे झाले आणि कास्याचे शिंतोडे उडाले. ओतारणीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

"द्येवाला बी मान्य न्हाई," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

ओतारीण वेदनेने खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती फुटलेल्या दगडाकडेच बघत होती. तिने तुकडा उचलून त्याच्या आतल्या अंगाला गाल लावला. तो गार होता. बाहेरून कोरडा दिसणारा दगड पोटातून ओला होता आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटला होता.

"चूक माझी," ती कारभाऱ्याला म्हणाली. "मातीची रीत मी दगडाला लावली. आठ दिस अजून सरलं न्हाईत."

कारभाऱ्याला तिथेच निकाल देता आला असता. त्याने तिचा हात पाहिला, मग बांधावरची गळती पाहिली. "तीन दिवस उरले आहेत," एवढंच तो म्हणाला.

धातूचं एक बरं असतं. माणसाचं चुकलं तरी तो पुन्हा वितळायला तयार असतो. ओतारणीने वाळूत उडालेलं कासं थेंब थेंब वेचून घेतलं. हाताला कोरफडीचा गर बांधला. पाथरवटाने बाकीची कामं बाजूला सारली आणि टेकडीच्या माथ्यावरचा, वर्षानुवर्षं उन्हात तापलेला मऊ दगड उतरवून आणला. त्यात दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत नवी खाच कोरली. कारभाऱ्याने पुन्हा गज लावून पाहिला. मग दगडाच्या चारी बाजूंनी गोवऱ्या रचल्या. या खेपेला तिला नुसता कोमट दगड नको होता. हात लावता येणार नाही इतका तो तापायला हवा होता.

आठव्या दिवशी बांधावरच्या त्याच भट्टीत कासं वितळवायची वेळ आली. एका हाताने भाता ओढताना तिची फार तारांबळ होत होती. वारा तुटक जात होता आणि निखारे काळे पडत होते. म्हातारा तीन हातांवर तिच्याकडे पाठ करून बसला होता. थोडा वेळ त्याने सोसलं. मग तो उठला, तिला बाजूला सारलं आणि भात्यापाशी बसला.

"असा भाता ओढत्यात व्हय?" तो पुटपुटला. "आच मरंल की. बोलनार न्हाईच मी तुझ्याशी. पन आच मेलेली बघवत न्हाई."

ओतारणीने मुशीत वेचलेलं कासं टाकलं. कमी पडलं तेवढं तांबं त्यात टाकलं, ते वितळल्यावर वरून कथील टाकलं. म्हाताऱ्याने एकसारखा वारा दिला आणि कासं उगवत्या सूर्यासारखं लखलखू लागलं.

बांधावर लोक श्वास रोखून उभे होते. भाजलेल्या हातावर ओलं फडकं गुंडाळून तिने दोन्ही हातांनी सांडस धरली. ओतताना हात मध्येच थांबला तर धातूत सांधा राहतो आणि ओतलेली कांब तिथेच मोडते. म्हणून कितीही दुखलं तरी थांबायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कासं खाचेत गेलं. दगड फुटला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत धार तुटली नाही. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत काठोकाठ भरली.

"बघून घ्या, जी," ती म्हणाली. "आता भरलंय का?"

कारभारी वाकला. "पूर्ण भरलंय," तो म्हणाला.

मग वाट बघायची होती. लाल कासं तांबूस झालं, मग करडं. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी घरी गेलं नाही. कांब हात लावण्याइतकी निवली तेव्हा ओतारणीने ती एका टोकाला सरकवली. दुसऱ्या टोकाला खाच रिकामी दिसू लागली.

"बोट घाला, जी. करंगळी."

कारभाऱ्याने करंगळी घातली. ती नेमकी बसली. त्याने राजाचा गज कांबेला लावला, तर कांब आखूड. कांब काढून गज खाचेत ठेवला, तर तो चपखल. असं त्याने तीन वेळा केलं. मग फडक्यावरची मोहोर स्वतः तोडून लांब गज बाहेर काढला आणि खाचेजवळ धरला. कांब जेवढी आखूड होती, तेवढाच गज लांब होता. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तो सरळ उभा राहिला. मघाशी मी म्हटलं होतं ना, तुम्हाला त्याचा राग येईल. आता त्याचं पुढचं ऐका.

"मी गज मोजला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण तो कशासाठी आहे हे समजून न घेता निकाल दिला. या बाईला मी चोर ठरवलं. ती चूक माझी आहे." मग तो ओतारणीकडे वळला. "पण बाई, ही एवढी साधी गोष्ट राज्यात कुणालाच कशी ठाऊक नाही?"

"आमी लपवली, जी. आमच्या बापजाद्यांनी लपवली. ती चूक आमची."

आणि मग तिने तिथेच, बांधावर उभं राहून, सगळं सांगितलं. कासं किती आटतं, पितळेची आट वेगळी, लोखंडाची वेगळी, म्हणून प्रत्येक धातूचा गज वेगळा. तो कसा करायचा तेही सांगितलं. अशीच खाच कोरा, दगड पोटापर्यंत तापवा, धातू ओता आणि जेवढी फट पडेल तेवढा गज वाढवा. लोक ऐकत होते. म्हातारा सासरा खाली मान घालून उभा होता. पिढ्यान्‌पिढ्यांचं गुपित पाटाच्या पाण्यासारखं सगळ्यांच्या दारात चाललं होतं आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. ती म्हाताऱ्याची लेक होती. नदीपलीकडच्या गावात तिला ओताऱ्याच्याच घरी दिली होती. त्या घरी लांब गज नव्हता. नवऱ्याचे आईबाप तो लहान असतानाच वारले आणि गुपित त्यांच्याबरोबर गेलं. ते जी कडी ओतत, त्यातलं एकही कडं गाडीच्या चाकात घट्ट बसत नसे. लोक कामं परत आणून टाकत. शेवटी चार वर्षांपूर्वी त्यांनी भट्टी मोडली आणि तिचा नवरा दुसऱ्यांच्या खाणीवर दगड वाहू लागला. वहिनीवर आळ आल्याचं ऐकून ती भेटायला आली होती.

तिने वाकून खाचेतल्या फटीत बोट घातलं. मग ती बापाकडे वळली.

"आबा, येवढंच व्हतं?"

म्हाताऱ्याने खाचेकडे पाहिलं.

"करंगळीयेवढंच? आमी द्येवाला नवस केलं. माती बदलली, भट्टीची दिशा बदलली. ह्यांनी तर सोताचा हातच खोटा म्हनून सोडून दिला. आन तुमी दर दिवाळीला आमच्या घरी जेवून जात व्हता."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, पण त्याच्याकडे एकही म्हण उरली नव्हती. तो बांधावरच बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. ओतारणीने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

कडं त्यानंतर पाचव्या दिवशी ओतलं. मेण लांब गजाने मोजलं, मातीच्या साच्याला कासं ओतायला एक वाट ठेवली आणि आतली हवा निघून जायला चार. निवल्यावर साचा फोडला आणि चार माणसांनी कडं मोरीपाशी नेलं. पाथरवटाने लाकडी मोगरीचे हलके टोले दिले आणि ते खाचेत बसलं. दट्ट्या लावला, पोती काढली. पाटाचा तळ उन्हात हळूहळू कोरडा पडला, तेव्हा लोकांनी मान्य केलं की गळती थांबली. शिमग्याला अजून सहा दिवस होते.

कारभाऱ्याने नवा नियम केला. ओताऱ्याच्या घरी लांब गज असायला हरकत नाही, मात्र तो आढ्याला न खोचता दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगायचा. पुढे सुतार, लोहार, पाथरवट आणि ओतारी वेगवेगळ्या गावी बसून कामं करू लागले आणि त्यांचे भाग एकत्र आणले की बिनबोभाट एकमेकांत बसू लागले. या गावची चाकं त्या गावच्या गाड्यांना चालू लागली. ओतारणीचा एकटीचा मान त्यामुळे थोडा कमी झाला, हे खरं आहे. तिला त्याचं काही वाटलं नाही. कामाला तोटा नव्हता.

म्हाताऱ्याने मात्र कडं बसलेलं पाहिलं नाही. ते ओतण्याच्या आदल्या दिवशीच त्याने शिसवाची एक काठी आपल्या हातांनी तासली, लांब गजाशी ताडून पाहिली आणि ती खांद्यावर टाकून तो लेकीबरोबर नदीपार गेला. जावयाच्या अंगणात त्याने भट्टी पुन्हा रचायला लावली. चार वर्षं भट्टीला न शिवलेला जावई दूर उभा होता. म्हाताऱ्याने काठी जावयाला न देता लेकीच्या हातात दिली, आणि ती कशी धरायची ते तिला पहिल्यापासून समजावून सांगायला बसला. त्या अंगणातून पहिलं नीट कडं निघेपर्यंत तो परत आला नाही.

लपवून ठेवलेलं खरं जगाला खोटं दिसतं, आणि आपल्याच माणसांना कमी पडतं.